बारा खाटांचा विषय

१२ जानेवारी

धाकटे,

मागच्या पत्रात आशीर्वाद लिहिला होता, त्याची पोच आली नाही, म्हणून या वेळी हातचा राखून ठेवते. तू फोन उचलत नाहीस ते मला इकडे ऐकू येतं. पत्र उघडत नसशील तर ते निदान दिसत तरी नाही. म्हणून पत्र बरं.

अप्पा बरे आहेत. म्हणजे होते तसेच आहेत. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, आणि हट्ट मात्र जसाच्या तसा. नगरपालिकेच्या दवाखान्यामागे बारा खाटांची खोली आहे, तिथे खिडकीशी त्यांची खाट. खिडकीतून आपलं जुनं सायकलचं दुकान दिसतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात, पण वरची पाटी अजून अप्पांचीच आहे. नव्या माणसाला ती काढायचा कंटाळा. अप्पा तिच्याकडे बघत डाव्या हाताची बोटं चादरीवर फिरवत असतात, चाकाच्या तारा एकेक करून ओढून बघितल्यासारखी.

तू म्हणालीस, मी त्यांना तिथे टाकलं. बरं, टाकलं. पण कशासाठी, ते तू कधी ऐकून घेतलं नाहीस. झटका आल्यापासून त्यांना गिळायचं कळत नाही. घास तोंडात धरून बसतात. घरी माझ्या हातून दोनदा ठसका लागून ते निळे पडले. तिथली मावशी अर्धा चमचा मऊ भात घालते, दोन बोटं त्यांच्या गळ्याला लावते आणि वाट बघते. "मालक, जाऊ द्या खाली," म्हणते. मग जातो. एका जेवणाला सकाळचा अर्धा वेळ जातो. दुसरं कोणी चमचा पुढे केला तर तोंड घट्ट मिटून घेतात. मी गेले तरी मिटतात. आता यात माझा अपमान झाला म्हणून रुसून बसू का?

नगरपालिकेत काय चाललंय, असं तू विचारणार नाहीसच. तरी सांगते. मी अजून सभासद आहे आणि अजून तेच करते, ज्यावरून तू मला बोलली होतीस. आमच्या गटाकडे शस्त्र एकच, सभात्याग. आमचा पुढारी म्हणजे चौकातला औषधवाला. तो चष्मा काढून घडी घालतो, खिशात ठेवतो, की आम्ही आठ जण उठून बाहेर. का उठायचं हे मी निवडून आल्यापासून विचारलेलं नाही, आणि मला कोणी सांगितलेलं नाही. "ताई, तुला खुर्चीतून उठण्यापलीकडे काय येतं?" हे तुझं वाक्य माझ्या पोटात अजून आहे. इस्त्री करताना वर येतं.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

काल सभा झाली. कचऱ्याच्या डब्यांचा रंग हिरवा असावा की निळा, यावर लोक हातघाईवर आले. हिरवा विरोधकांच्या झेंड्याचा म्हणून अध्यक्षांना नको, निळा मागच्या अध्यक्षांनी आणला होता म्हणून कोणालाच नको. शेवटी करडा ठरला. रस्त्यावर टेबल मांडणाऱ्यांना दंड, भटक्या कुत्र्यांचा ठेका, पाण्याच्या मीटरची तपासणी, हे सगळं चहा येईपर्यंत उरकलं. मी दोनदा हात वर केला. कशासाठी ते मला आज आठवत नाही, आणि हे मी तुला थट्टेने लिहिलेलं नाही.

मग अध्यक्षांनी उठता उठता सांगितलं की अंदाजपत्रकात काही "फेररचना" येणार आहे. त्यांच्या तोंडी मोठा शब्द आला की कोणाच्या तरी पोटावर पाय येतो, एवढं मला आता कळतं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. माणूस गोड बोलतो, त्याला तोड नाही. स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

"ताई, ती मागची खोली बंद करायची आहे. बारा पेशंट, आणि खर्च बघा. सगळ्यांना जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात हलवू. तिथे मशीन आहेत, तज्ज्ञ आहेत. आपल्याकडे काय आहे? एक बाई."

"तीच लागते," मी म्हटलं.

"तुमच्या वडिलांचं मी समजू शकतो."

"मग समजा ना. ते तिच्याशिवाय कोणाच्या हातून जेवत नाहीत. तिथे पाठवलंत तर उपाशी मरतील. एवढं सोपं आहे."

ते हसले. चिडून नाही, मोठ्या माणसाने लहान पोराकडे बघून हसावं तसे. म्हणाले, "भूक लागली की सगळे जेवतात." आणि खोलीच्या जागी करभरणा केंद्र होईल, लोकांची रांगेतून सुटका होईल, असं काय काय सांगत राहिले.  जिना उतरून मी थेट माझं इस्त्रीचं दुकान उघडलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही जाळली.

अप्पांना मी काही सांगितलेलं नाही. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "माझी बदली करतील, करू देत. मालकांचं काय?" 

ताई

१८ मार्च

धाकटे,

विषयपत्रिका आली. सभा सत्तावीस तारखेला आहे, आर्थिक वर्षाची शेवटची. विषय क्रमांक अकरा: "दवाखान्यालगतचा दीर्घोपचार कक्ष बंद करून रुग्ण स्थलांतरित करणे व जागेचा विनियोग ठरविणे." अप्पा कुठे आहेत त्यात, शोधून काढ. "रुग्ण" या शब्दात आहेत.

दहावा विषय स्मशानाच्या कुंपणाचा आणि बारावा वाहनतळाच्या पावत्यांचा. नववा वाच मात्र: "बाजारातील गाळा क्रमांक सहा भाडेपट्ट्याने देणे." तो गाळा औषधवाल्याच्या मुलाला हवा आहे, हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात. आणि परवा सकाळी मी कर भरायला गेले, तर आमचा औषधवाला अध्यक्षांच्या केबिनमधून बाहेर येत होता. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर समाधान. मला बघून गडबडला. "काय ताई, एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "मी कर भरायला आले. तुम्ही काय भरायला आलात?" तो नुसता हसला.

म्हणजे दोघांचं साटंलोटं झालेलं आहे. नऊ नंबर तुमचा, अकरा नंबर आमचा. मला वेगळं कोणी सांगायला नको. अकरावा विषय आला की हा चष्मा घडी घालणार, आम्ही मुकाट्याने बाहेर जाणार, आणि आत एकही विरोध नोंदला न जाता अप्पांची खाट उचलली जाणार.

मी या वेळी उठणार नाही. तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी माझा धीर सुटला तर तुझी लाज वाटून तरी बसेन.

ताई

२७ मार्च

धाकटे,

मी बसले.

आत्ताच घरी आले, अजून साडीही बदलली नाही. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. नववा विषय झाला. गाळा मुलाला. एकमताने. दहावा झाला. अकरावा वाचायला मुख्याधिकारी उभे राहिले आणि औषधवाल्याने चष्मा काढला. घडी घातली. खिशात ठेवला. आमचे लोक खुर्च्या सरकवून उठले. तो दारापर्यंत गेला आणि वळला. मी बसलेलीच. त्याने मान हलवली, चला म्हणून. मी समोर बघत राहिले. तो परत आत आला, माझ्यापाशी वाकला आणि कुजबुजला, "ताई, उठा, नंतर सांगतो." मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आज मी उठणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे बघितलं. मुख्याधिकाऱ्यांनी सभागृहावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सभा चालू ठेवता येईल." अध्यक्षांनी मला इतक्या आदराने बोलू दिलं की मलाच नवल वाटलं.

मग मी बोलले. धाकटे, मी बोलले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं सांगितलं. गिळता न येणं म्हणजे काय. मावशीची दोन बोटं कुठे असतात. अर्धा चमचा भात घशाखाली उतरायला किती वेळ लागतो, ते मी त्यांना गप्प उभी राहून दाखवलं. कोणी चुळबुळ केली नाही. अध्यक्षांच्या गटातल्या बेकरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिची आई त्याच खोलीत गेली होती. मला वाटलं, जिंकलं.

मतदान झालं. बेकरीवालीचाही हात वर गेला, माझ्याकडे न बघता. ठरावाच्या बाजूने आठ, विरोधात एक. ठराव मंजूर.

हरले. पण तो एक हात माझा आहे आणि तो नोंदवला गेलाय. अप्पांसाठी कोणी तरी खुर्चीला चिकटून बसलं होतं. हे तुला कळावं असं मला फार वाटतं, म्हणून आजच्या आज पेटीत टाकते.

ताई

३ एप्रिल (टाकलं नाही)

धाकटे,

औषधवाला आज दुकानात आला होता. चार शर्ट घेऊन. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, "ताई, अध्यक्षांचा एक माणूस लेकीकडे परदेशी गेलाय, माहीत होतं?"

रिकामी खुर्ची मी पाहिली होती. पाहिली होती, एवढंच.

"एकूण सतरा आपण. सभा चालायला नऊ लागतात. त्यांचे आठच उरले होते. आपण आठही उठलो असतो तर सभा तिथेच पडली असती. परत सभा घ्यायला आठवड्याची नोटीस लागते, तोवर मार्च संपला असता. मार्च संपला की जुन्या वर्षाची तरतूद आपोआप पुढे चालते. खोली वर्षभर वाचली असती, आणि पुढच्या वर्षी निवडणूक. तुम्ही बसलात. तुम्ही नवव्या झालात."

मी इस्त्री तशीच धरून उभी होते. विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुम्हाला कधी सांगावं लागलं नव्हतं."

"आणि गाळा?"

"गाळ्यासाठी मी गेलो होतो अध्यक्षांकडे, खोटं कशाला बोलू? नऊ नंबर आधी होऊ द्यायचा आणि अकराला उठायचं, असं माझं गणित होतं. दोन्ही साधलं असतं."

शर्ट तिथेच ठेवून गेला. जाताना म्हणाला, "भाषण चांगलं केलंत म्हणे."

मी मत दिलं नसतं तरी चाललं असतं. बोलले नसते तरी चाललं असतं. नुसतं उठायचं होतं. जे मला येतं, जे मी इतकी वर्षं केलं, ज्यावरून तू मला हिणवलंस, तेवढंच करायचं होतं. अध्यक्षांनी मला आदराने का बोलू दिलं ते आता कळलं. मी बोलत होते तोवर मी खुर्चीत होते.

हे मी तुला कसं सांगू?

९ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आत बसून वाचलं. तीन वर्षांनी. "ताई, आठ जणांसमोर तू एकटी बसून राहिलीस. मी तुला जे बोलले ते सगळं परत घेते." एवढं वाचून मला पुढचं दिसेना. परत पहिल्यापासून वाचलं.

तू जूनमध्ये येतेस हे ऐकून घर झाडायला काढलंय. तुझी खोली होती तशीच आहे, फक्त तिथे गिऱ्हाइकांचे न नेलेले कपडे आहेत. ते हलवीन.

सभेत अजून काय काय झालं, असं तू विचारलंस. फार काही नाही गं. लिहिलं तेवढंच. अप्पांना एकवीस तारखेला हलवणार आहेत. सध्या ते मजेत जेवतात. मावशी त्यांना रोज थोडं जास्त भरवते. का, ते ती बोलत नाही.

मला शूर वगैरे लिहू नकोस. मला ते सोसत नाही.

ताई

२६ एप्रिल

धाकटे,

हलवलं.

गाडी दवाखान्याच्या मागच्या दाराला लावली. दोघा-दोघांना एकत्र नेत होते. मावशी गाडीत चढली तर ड्रायव्हरने उतरवलं, तिचं नाव कागदावर नाही म्हणून. तिची बदली बागेच्या गेटवर झाली आहे, तिकिटं फाडायला. तिने खाली उभं राहून अप्पांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मालक, तिथे हट्ट करू नका." अप्पा तिच्याकडे बघत होते. दार लागलं तरी त्या बाजूला बघत होते.

मोठं इस्पितळ खरंच मोठं आहे. तिसरा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. नर्स वाईट नाहीत. एकेकीकडे चाळीस पेशंट आहेत, ती तरी काय करणार? तिने दोन चमचे प्रयत्न केला, अप्पांनी तोंड मिटलं, तिने ताट उचललं आणि कागदावर लिहिलं, "आहार नाकारला." दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घातली. त्यांनी ती डाव्या हाताने उपसली. परत घातली, परत उपसली. मी काल गेले तेव्हा डावा हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेला होता. बोटं तेवढी मोकळी होती. ती हलत नव्हती.

मी सोडवला हात. नर्सने येऊन परत बांधला. मला म्हणाली, "काकू, त्यांच्याच भल्यासाठी आहे." मी मावशीला घेऊन येऊ का म्हणून विचारलं, मी हातापाया पडले. बाहेरच्या माणसाला भरवू देत नाहीत. घशात अडकलं तर जबाबदारी कोणाची? बरोबर आहे तिचं. सगळ्यांचंच बरोबर आहे.

तू लिहितेस की जून लांब नाही. धाकटे, जमलं तर आधीच ये.

ताई

१४ मे

धाकटे,

फोनवर आपण दोघी नुसत्याच रडलो. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि त्यात हीच बातमी द्यावी लागली. मध्येच तू म्हणालीस, "तू तुझ्याकडून सगळं केलंस, ताई." मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल, रडते आहे.

काल सभा होती. सुरुवातीलाच अप्पांच्या दुखवट्याचा ठराव आला. अध्यक्षांनी स्वतः मांडला. अप्पांनी त्यांची पहिली सायकल जोडून दिली होती म्हणे, ते सांगताना त्यांचा आवाज खरंच भरून आला. तो माणूस ढोंगी नाही, हेच मला सहन होत नाही. सगळे उभे राहिले. मलाही उठायचं होतं, पण उठता येईना.  बेकरीवालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढचा विषय करभरणा केंद्राच्या काउंटरचा होता.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. एप्रिलच्या सुरुवातीला मी ते लिहिलं होतं आणि टाकलं नाही, कारण मध्येच तुझं पत्र आलं आणि मला ते हवं होतं. सत्तावीस मार्चला मी बसले म्हणून सभा चालली. मी बाकीच्यांबरोबर उठले असते तर लोक कमी पडून सभा मोडली असती, आणि अप्पा त्याच खाटेवर, मावशीच्या हातचा भात खात राहिले असते. औषधवाला कानात सांगत होता, उठा. मला वाटलं तो विकला गेलाय. मी मोजलं नाही. समोर आठ माणसं बसलेली होती आणि मी ती मोजली नाहीत, कारण मी मनातल्या मनात तुला पत्र लिहीत होते.

तुझ्या बोलण्यामुळे बसले, असं मी म्हणणार नाही. शंभर वेळा मनात म्हणून पाहिलं, खरं सांगते, पण ते खरं नाही. तू बोललीस ते रागाने बोललीस, तीन वर्षांपूर्वी. बसले मी. तुझ्यासमोर मोठं व्हायचं होतं म्हणून बसले. आणि झालेही होते मोठी, त्या एका पत्रापुरती.

इस्पितळाच्या दाखल्यावर कारण वार्धक्य लिहिलंय. ते खरं धरू नकोस. अप्पा भुकेने गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांची हनुवटी पोराच्या हनुवटीएवढी झाली होती. हेही मी फोनवर सांगितलं नाही.

आता तू काय करशील ते मला कळतं. तिकीट रद्द करशील, आणि परत ते तुझं गप्प राहणं सुरू होईल. मोठी बहीण म्हणून मी म्हणायला हवं की तो तुझा हक्क आहे. मी म्हणत नाही. तू शिव्या दे. येऊन तोंडावर दे, मी दार उघडते. लिहून दे. फोन करून नुसती ओरड. पण गप्प बसू नकोस, धाकटे. मागच्या वेळी तू गप्प होतीस तेव्हा दुकान बंद केलं की अप्पांच्या खाटेशी जाऊन बसता यायचं. आता दुकान बंद केल्यावर मी कुठे जायचं, ते मला ठाऊक नाही.

ताई